हूऽवाल्याचा अर्थ

करागांडाची कैद्यांची छावणी, मार्च १९३८

सायराकान,
माणसं आणि मेंढरं सुखरूप असोत. माझी काळजी करू नकोस. दात कमी झालेत, त्यामुळे पाव पुरतो. सुटून घरी चाललेल्या गाडीवानाच्या बुटातून हे पत्र येतंय, म्हणून मोकळं लिहितो.

"हूऽवाल्याने दोन मेंढ्या नेल्या," असं तू लिहिलंस. इथले साहेब कैद्यांची पत्रं फार बारकाईने वाचतात. माझ्या पुस्तकांना असा वाचक कधी लाभला नाही. गोष्टीतला 'मी' म्हणजे मीच, असं ठरवूनच तर त्यांनी मला इथे आणलं. आता विचारलं, "हा हूऽवाला कोण?"

म्हटलं, "लांडगा हो, साहेब! माझ्या थोरल्या भावाचं नाव बोरीबाय, म्हणजे लांडगाच. आपल्यातली सून थोरल्या दिराचं नाव घेते का? म्हणून लांडग्यालाही माझी बायको हूऽवाला म्हणते."

साहेब आपलेच, किरगिझ. हसून म्हणाले, "माझी आईही असंच बोलते रे. पण ती पत्रं लिहीत नाही."

मग त्यांनी कागदावर एवढंच लिहिलं: मेंढ्या चोरणारा हूऽवाला म्हणजे बोरीबाय, कैद्याचा भाऊ. तीन दिवस उभं ठेवल्यावर मी सही केली.

दादा घरी आहे ना? असेल तर आजच त्याला डोंगरापलीकडे पाठव. नेला असेल तर सही माझी आहे, हे वहिनीला तूच सांग.

आणि त्याच्यासाठी कपडे घेऊन तुरुंगाच्या खिडकीशी गेलीस, तर तिथला शिपाई टोपणनाव चालवून घेत नाही. नाव घे. मोठ्याने घे, त्याला कमी ऐकू येतं.

तुझाच,
कालमुर्झा