वेणूकाकीचं ‘हाय’

जासई

ताई,

तुला नमस्कार, पिल्लूला पापा. मी मजेत आहे. फोनवर तू आवाजावरून सगळं ओळखतेस, म्हणून पत्र लिहितोय. आईचे गुडघे कसे आहेत? बडोद्यात थंडी पडली का?

कंटेनर यार्डातलं काम सुटलं. काळजी करू नकोस, दुसरं बघतोय. कंपनीनं कायमच्या लोकांना मन मोकळं करायला एक डॉक्टरीणबाई दिल्यात. आम्हा कंत्राटी लोकांकडून गेटचा पास तेवढा काढून घेतला. पण मला घरमालकीण आहे, वेणूकाकी.

ती रोज सकाळी दारावरून जाताना म्हणायची, “हाय का रं?” मला वाटायचं, म्हातारी हौसेनं इंग्रजीत हाय करते. मीही थाटात “हाय, काकी!” म्हणायचो. ती खूश होऊन पुढे जायची.

काम गेल्यावर मी दार लावून पडून राहायला लागलो. एका सकाळी उत्तरच दिलं नाही. तर हिनं दार बडवून उघडायला लावलं. हातात तांदळाची भाकरी आणि सुक्या मासळीचं कालवण. म्हणाली, “तू बोल्ला नाय, म्हनून आले.”

तेव्हा डोक्यात उजेड पडला. इकडे ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात. इतके दिवस ती ‘आहेस का?’ विचारत होती. जेवताना थोडा रडलो. कालवण तिखट होतं.

भावजींना नमस्कार सांग. तू मेसेजमध्ये रोज ‘आहेस ना रे?’ विचारतेस आणि मी नुसता अंगठा पाठवतो. आज नीट उत्तर देतो, ताई.

हाय.

तुझा राजस