दुसरी ओळख

३ फेब्रुवारी, शनिवार

विहीणबाई! आमच्या नेमबाजी क्लबात! रायफल घेऊन!

अजून हसू येतंय आणि अजून रागही येतोय, त्यामुळे धड लिहिता येत नाहीये.

आज नव्यांच्या ओळखीचा दिवस. हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडलेल्या, मी नेहमीसारखी खिडकीपाशी, कोण कोण येतंय ते बघत. दार उघडलं आणि आत कोण, तर माझ्या लेकीच्या सासूबाई! कडक इस्त्रीचा कोट (इस्त्री माझ्याच दुकानातली), हातात लांब काळी पेटी. त्यांच्या यजमानांची पॉइंट टू टू रायफल. ते गेल्यापासून कपाटात पडून होती म्हणे.

नेमबाजी शिकवणाऱ्या मास्तरांनी सगळ्यांना नेहमीचे तेच तीन प्रश्न विचारले. कोण तुम्ही? काय आणलंय? का आलात? नव्यांपैकी एक ऑडिटर म्हणाला, छंद म्हणून. दातांची डॉक्टरीण म्हणाली, मन एकाग्र व्हावं म्हणून. विहीणबाई ताठ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "घरात उंदीर झालेत."

क्लबातला बेकरीवाला जो हसत सुटला, त्याला ठसकाच लागला. मी कपाळावर हात मारला. मास्तर मात्र हसले नाहीत. "बरं. दुसऱ्या ओळखीला बघू," एवढंच म्हणाले.

हा आमच्या क्लबाचा जुना रिवाज. मोसम संपला की नव्यांना तेच तीन प्रश्न पुन्हा विचारायचे. मास्तरांचं म्हणणं, पहिल्या दिवशी सगळे थापा मारतात. मीसुद्धा पहिल्यांदा म्हटलं होतं, "खेळ म्हणून." दुसऱ्या वेळी खरं निघालं — "दुकानात दिवसभर लोकांचं ऐकून घेते, इथे कान झाकून उभं राहता येतं!"

मग जोड्या लावल्या. प्रत्येक नव्याच्या मागे एक जुना. खांद्यावर हात ठेवून उभं राहायचं, नळी जरा भलतीकडे वळली की थोपटायचं. जुना नेम धरतो तेव्हा नवा त्याच्या मागे. मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्या ओळखीच्याच दिसतात." झालं! आल्या माझ्या वाट्याला.

ज्या बाईने लग्नाच्या बैठकीत माझ्या घरात बसून "पडदे जरा भडक वाटतात, नाही?" असं म्हटलं, तिच्या खांद्यावर आता दर शनिवारी हात ठेवायचा!

आणि खरी पंचाईत पडद्यांची नाहीच. लेक जानेवारीपासून आमच्याकडे आहे. दोन बॅगा घेऊन आली. "इथून ऑफिस जवळ पडतं," म्हणते. आमचे हे मान डोलावतात, मीही डोलावते. विश्वास कोणाचाच नाही. तिचं आणि जावयाचं बिनसलं, तर मी या बाईशी बोलायचं काय? नातवंडही नाही मध्ये. एक सही झाली की आम्ही दोघी एकमेकींच्या कोणी नाही.

१० फेब्रुवारी

डावा डोळा मिटा म्हटलं की उजवा मिटतात! पण हात — हात दगडासारखा स्थिर. सांगितलं नाही. लगेच नाक वर गेलं असतं.

१५ फेब्रुवारी

विहीणबाई दुकानात. नेहमीप्रमाणे डाग घेऊन. गेली दोन वर्षं जवळजवळ दर गुरुवारी काहीतरी असतंच. चहा, हळद, गंज, एकदा तर बुटाचं पॉलिश. ही बाई सांडते तरी किती!

आज पांढऱ्या शालीवर शाई. अगदी गोल ठिपका, कडा स्वच्छ. पेन गळलं की शाई ओघळते, असा टिकलीसारखा डाग पडत नाही. म्हटलं, "हे कसं झालं?" तर म्हणाल्या, "झालं खरं." मग स्टुलावर बसून चांगल्या गप्पा मारत होत्या, मी इस्त्री करत होते. गिऱ्हाईक आलं तरी उठेनात. लेकीचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही.

२४ फेब्रुवारी

आज त्यांची गोळी पहिल्यांदा कागदावरच्या मधल्या काळ्यात गेली! दुर्बिणीतून मीच आधी पाहिलं आणि जोरात ओरडले, "लागली!" कानांवर आवाज अडवणारे मफ, त्यामुळे त्यांना काहीच ऐकू आलं नाही. मी त्यांचा खांदा गदागदा हलवला. त्यांना वाटलं काहीतरी चुकलं, बिचाऱ्यांनी रायफल खाली ठेवली, गोळी भरायचा बोल्ट उघडला, हात वर केले! पोलिसांनी पकडल्यासारखे! मास्तरसुद्धा हसले.

नंतर बाकावर बसून त्यांच्या थर्मासमधला चहा प्यायलो. चहा चांगला करतात. हे लिहायला जिवावर येतंय, पण करतात.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "काय म्हणतोय तोफखाना?" मी म्हटलं, "उंदरांचं काही खरं नाही आता."

९ मार्च

साफसफाईचा दिवस. लांब टेबलावर सगळ्यांच्या रायफली उघड्या, तेलाचा वास, गजाला चिंध्या बांधून नळीतून ओढणं चालू. विहीणबाईंना हे काम फार आवडतं. यजमान रविवारी असेच बसायचे म्हणे, आणि या शेजारी बसून पेपर वाचून दाखवायच्या.

"आता मी रेडिओ लावून ठेवते," म्हणाल्या. "काय लावलंय ते ऐकत नाही. घरात कोणीतरी बोलतंय एवढंच."

चिंधी ओढता ओढता म्हणाल्या, अगदी सहज. मी म्हटलं, "तुमच्या नळीत अजून काजळी आहे." मूर्ख बाई मी! दुसरं काही सुचू नये?

१६ मार्च

लेक आज स्वयंपाकघरात शीळ घालत होती. किती दिवसांनी ऐकली!

२३ मार्च

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय सुटका नाही.

मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवायचा असतो. ठेवताना लेकीचा मेसेज दिसला. "आई, आमचं ठरलं. वेगळे होतोय. घरी आल्यावर बोलू. मी ठीक आहे." वाचला, मोबाइल ठेवला आणि आत गेले. घरीच जायला हवं होतं. पण पाय सवयीने आत गेले.

माझा नंबर आला. विहीणबाई मागे, त्यांचा हात माझ्या खांद्यावर. गोळ्या कुठे गेल्या देव जाणे. कागदावर तर नाहीत. डोक्यात एकच — हिला माहीत आहे का? हिला माहीत असणार. मला न सांगता ही माझ्यामागे उभी आहे!

आणि शेवटची गोळी झाडून मी वळले. रायफल हातात. बोल्ट बंद. "तुम्हाला माहीत होतं?" असं विचारायला वळले!

"नळी!"

आवाज त्यांचा. केवढा मोठा! आणि त्याच क्षणी त्यांच्या तळहाताने माझी नळी वर, छताकडे. सगळी रेंज थांबली. मास्तरांनी लाल दिवा लावला.

रिकामीच होती. पण "रिकामीच होती" हे वाक्य आमच्यात कोणी उच्चारायचं नसतं. इतक्या वर्षांत मी किती नव्यांना यावरून फाडून खाल्लंय! ऑडिटरला तर मागच्याच महिन्यात रडकुंडीला आणलं होतं. तो कोपऱ्यात उभा राहून बुटांकडे बघत होता. भला माणूस.

मास्तर शांतपणे म्हणाले, "ताई, दोन शनिवार झाडू."

बाहेर आल्यावर विहीणबाईंनी सांगितलं, "हो. माहीत होतं." मी म्हटलं, "मग काय, मजा बघत होता माझी?" त्यांनी कोटाची बटणं लावली आणि गेल्या.

२४ मार्च

लेकीशी बोलले. खरं तर तीच बोलली. भांडण नाही, तिसरं कोणी नाही. "आई, आम्ही एकमेकांशी इतकं जपून बोलायचो की दमून जायचो," म्हणाली. आता तिला झोप लागते. तेवढं तर मलाही दिसतंय. चेहरा भरलाय, कुरकुर करायला लागलीय, माझ्या हातचं मीठ जास्त होतं म्हणाली. म्हणजे पोरगी ताळ्यावर आली.

ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "शब्दकोड्यात मदत करतेस का?" विचारलं. तिने केली.

लेकीची काळजी मिटली. मग छातीत हे काय अडकलंय?

३० मार्च

झाडू. रेंजवर पसरलेल्या, झाडलेल्या गोळ्यांच्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, नव्यांच्या देखत. तोंडात मारल्यासारखं झालं होतं. बेकरीवाला जाता जाता म्हणाला, "ताई, कोपरा राहिला." मेला!

थोड्या वेळाने शेजारी दुसरा झाडू. विहीणबाई. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "तुमचा नंबर आहे, जा ना." तर म्हणाल्या, "माझ्यामागे उभं राहायला कोणी नाही आज."

पुंगळ्या वेचत राहिलो. मग मीच म्हटलं, "त्या दिवशी नळी वर केलीत... वेळेवर केलीत."

"तुम्हीच शिकवलंत," म्हणाल्या. आणि वर, "फार ओरडून शिकवलंत."

दोघी हसलो. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं हसून. हसूनच म्हणायचं.

१३ एप्रिल

शिक्षा संपली. आज पुन्हा हात त्यांच्या खांद्यावर. काळ्यात गोळ्यांचा नुसता गुच्छ! दातांची डॉक्टरीण म्हणाली, "उंदरांनी घर सोडलं असेल एव्हाना."

पुढच्या महिन्यात दुसरी ओळख. विहीणबाई आता काय सांगणार, यावर क्लबात पैजा लागल्यात. बेकरीवाला म्हणतो, झुरळं.

२६ एप्रिल

काल सह्या झाल्या. दोघं एकत्र कॉफी प्यायला गेली म्हणे नंतर! आजकालच्या मुलांचं काही सांगता येत नाही. लेक येताना माझ्यासाठी फुलं घेऊन आली.

म्हणजे आता विहीणबाई माझ्या विहीणबाई नाहीत. मग हाक काय मारायची? ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "नावाने मार." इतक्या वर्षांत मी त्यांचं नाव कधी तोंडाने उच्चारलेलंच नाही.

२७ एप्रिल

आल्या नाहीत.

२ मे

गुरुवार. दुकानाचं दार वाजलं की मान वर, दार वाजलं की मान वर. एका गिऱ्हाइकाचा शर्ट जवळजवळ जाळला. नाही आल्या. डाग नाही, शाल नाही, काही नाही.

दोनदा फोन हातात घेतला. काय सांगून करणार? आता आमच्यात कारण कुठलं उरलंय?

लिहूनच टाकते. मला ही बाई हवी आहे. पडद्यांवरून बोलणारी, गिऱ्हाइकांसमोर ठाण मांडून बसणारी, ही बाई मला गमवायची नाही. उद्याचा दिवस गेला की दुसरी ओळख. त्या आल्या नाहीत, तर मास्तर त्यांचं नाव खोडतील आणि संपलं.

४ मे, शनिवार

आल्या! उशिरा, धापा टाकत, काळी पेटी घेऊन. घशाला सूज होती आठवडाभर, आवाजच फुटत नव्हता म्हणाल्या. फोनवर काय बोलणार!

रिवाजाप्रमाणे मी मागे उभी राहिले, खांद्यावर हात ठेवून. मास्तरांनी विचारलं, "का आला होतात?"

"माझ्या मुलाने मला नव्या वर्षाच्या आधीच सांगितलं होतं, आमचं टिकणार नाही म्हणून," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मला वाटलं, सून जाणार, तिच्याबरोबर तिची आईही जाणार. दुकानात डाग घेऊन किती दिवस जाणार? सांडायला घरात कपडे उरले नव्हते. पण ही बाई शनिवारी इथे असते, हे मला माहीत होतं."

माझा हात त्यांच्या खांद्यावरच होता. त्यांनी मागे न बघता त्यावर आपला हात ठेवला आणि दाबून धरला.

मग बेकरीवाल्याने हळूच विचारलं, "आणि उंदीर?"

"उंदीर?" नाक पार वर. "माझ्या घरात?"