एका टीव्हीला किती रिमोट

मंगळवार, ४ नोव्हेंबर. सकाळी.
पाडव्याला शौनक ठाण्याहून आला आणि टीव्हीच्या पाठीला एक कांडी खोचून गेला. आता इंटरनेटवरची जुनी नाटकं घरबसल्या दिसतात. मुलगा गुणी आहे, पण रिमोट निवडणं त्याला कळत नाही. टीव्हीचा रिमोट लठ्ठ, कांडीचा चिमुकला. चिमुकला सदोष निघाला. एक अक्षर पुढे जायचं म्हणून बटण दाबावं तर तीन जातात. नाटकाचं नाव लिहायला पाऊण तास, आणि लागली कुठलीशी पनीरची रेसिपी.
वासंतीला हे झेपणार नाही. बिचारी दुपारभर एकटी असते. संकल्प: तिच्यासाठी घरात एकच, योग्य रिमोट आणणार. कंपनीत जन्मभर मशिनं सांभाळली, रेडिओ दुरुस्ती पुस्तकं वाचून शिकलो. रिमोट म्हणजे काय मोठंसं!
चहा बशीत सांडला. हल्ली कपांना कान नीट लावत नाहीत.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.
दोष सापडला. प्लास्टिक! वासंती कुठलाही रिमोट घरात आला की आधी पिशवीत घालते, वर रबरबँड. बटण जाड होणारच. पिशवी फाडली. ती म्हणाली, "अहो, धूळ जाईल." म्हटलं, "जाऊ दे, ज्ञान तर येईल."
पिशवीशिवाय चार अक्षरं पुढे गेला.
सेल उन्हात ठेवले. फरक नाही.
शौनकचा फोन. वासंतीशीच जास्त बोलला. मग मला म्हणाला, "बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या ना." कशासाठी? रिमोटसाठी?

शनिवार, ८ नोव्हेंबर.
कल्याणला गेलेलो. स्टेशनजवळ सुधीरचं दुकान, सगळं छत रिमोटांनी लटकलेलं. त्याने एक नवा काढला. हा म्हणे दुसऱ्या रिमोटची बटणं शिकून घेतो. दोघांची नाकं समोरासमोर धरायची, एकेक बटण दाबायचं, बस. अगदी माझ्या मनासारखं यंत्र. मी टीव्हीचा रिमोट बरोबर नेलेलाच.
धरले. दिवा लाल. पुन्हा धरले. पुन्हा लाल.
सुधीर म्हणाला, "काका, जरा स्थिर धरा."
मी म्हटलं, "मी स्थिरच आहे. मागून गाड्या जातायत, तुझं काउंटर हलतंय."
त्याने काउंटरवर हात ठेवून पाहिला. माझ्या हातातून दोन्ही घेतले आणि झटक्यात शिकवून दिलं. म्हणाला, "पण काका, कांडीचा हा शिकणार नाही हं. तो वेगळ्या जातीचा, ब्लूटूथवाला." तरी घेतला. टीव्हीपुरता तरी हुशार आहे.
म्हणजे आता घरात तीन.
परतल्यावर जिना चढताना आमच्या दाराआडून नाटकातला हशा ऐकू आला. आत गेलो तर टीव्ही बंद, वासंती मेथी निवडतेय, चिमुकला पुन्हा पिशवीत. शेजारी हल्ली टीव्ही फार मोठा लावतात. सांगायला हवं.

सोमवार, १० नोव्हेंबर.
बँकेत सही जुळली नाही. काउंटरवरची मुलगी नवीन आहे, अनुभव नाही. दोनदा सही करून घेतली, मग "आजोबा, पुढच्या वेळी कुणाला तरी सोबत आणा" म्हणाली. वासंतीला सांगितलेलं नाही. उगाच काळजी करेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर. दुपारी.
मोबाइलमध्येच रिमोट घेता येतो असं वाचलं. घेतला. काचेवर नुसतं बोट फिरवायचं. बोट फिरवलं आणि शौनकला फोन लागला. बंद केला. पुन्हा लागला. तो घाबरून म्हणाला, "बाबा, काय झालं?" काचेची प्रत हलकी आहे.
जेवताना वासंतीने अण्णांचा विषय काढला. अण्णा म्हणजे शहाडचे माझे थोरले भाऊ. शेवटी शेवटी वहिनी त्यांना भात भरवायच्या. "त्यांनीही दाखवायला उशीर केला हो," म्हणाली. म्हटलं, "अगं, त्यांचं वेगळं. त्यांना कंपवात होता. मला फक्त रिमोट खराब मिळालाय."
तिने पातेल्यातली आमटी माझ्या वाटीत ओतली. वाटी अर्धीच भरली. पूर्वी गच्च भरायची.
विषय बंद. इथेही लिहायचा नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर.
अखेर योग्य रिमोट! मोठाली बटणं, आणि बोलून सांगायचीही सोय. टीव्ही, कांडी, दोन्ही चालतात. शौनकनेच मागवून दिला. उद्या तो, सून आणि नात उर्वी जेवायला येणार. सगळ्यांसमोर नाटक लावणार. मग डॉक्टरांचं नाव काढून दाखवावं कुणी!

रविवार, १६ नोव्हेंबर. संध्याकाळी.
बोलताना बटण दाबून धरायचं असतं. हे खोक्यावर फार बारीक लिहिलंय. मी नाटकाचं नाव घेतलं, मध्येच बटण सुटलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सुटलं. उर्वी हसली, मग हसायची थांबली. शौनक जमिनीकडे बघत होता. मी म्हटलं, "हाही सदोष आहे, परत पाठव."
वासंती उठून शेजारी बसली. नव्याला हात लावला नाही. चिमुकला पिशवीतून काढून माझ्या हातात दिला आणि खालून माझं मनगट धरलं. घट्ट. "आता दाबा," म्हणाली.
एक अक्षर पुढे गेलं. एकच.
पूर्ण नाव लिहून झालं. कुठलं अक्षर कुठे असतं, तिला न बघता माहीत होतं. वर "याचा दुसरा अंक फार छान आहे हो," म्हणाली, आणि जीभ चावली.
शेजाऱ्यांना बोललो नव्हतो ते बरं झालं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.
आज मी सांगतोय, वासंती लिहितेय. माझं पेन बिघडलंय, ओळ सोडून जातं.
गुरुवारी डॉक्टर. वासंती सोबत येणार. शौनक रजा काढतोय, काढू नको म्हटलं तरी. तिथे कपांचं, काचेचं, सुधीरच्या काउंटरचं काही बोलायचं नाही असं ठरलंय. नुसता हात पुढे करायचा.
सगळे रिमोट वासंतीकडे. चिमुकल्याला नवी पिशवी, नवा रबरबँड.
एवढं लिहून ती थांबली. विचारतेय, "अहो, वरचं ते पेन बिघडल्याचं, ते ठेवू की खोडू?"
पेन माझंच आहे. तिच्या हातात सरळ चाललंय.
म्हटलं, खोड.