हत्तींच्या गुहेला जायचंय

शनिवार संध्याकाळ, रेडमंड, अमेरिका

काढली एकदाची तिकिटं! केनियातला माउंट एल्गॉन. विझलेला ज्वालामुखी, आणि त्याच्या पोटात ती गुहा. खडकातल्या मिठासाठी हत्ती आत शिरतात, मिट्ट काळोखात, सोंडेनं भिंती चाचपत. दुपारपासून मला दुसरं काही सुचतच नाहीये.

पण आईला सांगायचं कसं? इथे आल्यापासून एकूण एक सुट्टी पुण्यालाच गेली. यंदा पहिल्यांदाच तिकडे जाणार नाही. गुन्हा केल्यासारखं का वाटावं मला?

शेवटी लेकीला, रेवाला, शेजारी बसवून व्हिडिओ कॉल लावला. त्या हत्तींसारखीच चाचपत चाचपत बोलले मी. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "डोंगर चढायचाय म्हणजे भूक लागणार. खारे दाणे ने बरोबर." मी कुठेही निघाले की हिचे खारे दाणे आलेच!

रेवा किंचाळली, "आजी, नो! एलिफंट्स तिथे सॉल्टसाठीच येतात!"

"हो का?" आई म्हणाली. "मग जरा जास्तच न्या."