उत्तर माहीत असूनही विचारते

नाना, आपलं भांडण अर्धं राहिलं आहे, ते मला पुरं करायचं आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला जे म्हणालात, त्याला मी त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं. घड्याळाचे सेकंद संपायच्या आत उत्तर देण्यासाठी जिला सगळा महाराष्ट्र ओळखत होता, ती तुमची मुलगी तुमच्यापुढं गप्प उभी राहिली. पुढं माझा स्वभाव बदलला, आवाज चढा झाला, लोक म्हणतात उद्धटही झाला. असू दे. आज उत्तर देते.

धुळ्याच्या स्टँडवरची तुमची चौकशीची खिडकी मला अजून जशीच्या तशी दिसते. आई शिवणाच्या क्लासवर शिकवायला जायची, म्हणून शाळा सुटली की मी तुमच्या केबिनमध्ये. लोखंडी स्टूल, त्यावर मी, मांडीवर दप्तर. जाळीच्या पलीकडं सारखी माणसं. शिरपूर, साक्री, दोंडाईचा, एरंडोल. तुम्ही प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून वेळ सांगता, फलाट सांगता, आणि तो माणूस वळून बरोबर दिशेनं चालायला लागेपर्यंत पुढच्याकडं बघत नाही. सहा महिन्यांत मला सगळं वेळापत्रक पाठ झालं. तुमच्या आधी मीच उत्तर द्यायला लागले. तुम्ही अडवलं नाहीत, आणि मला वाटलं, तुम्हाला कौतुक आहे.

मग तो म्हातारा आला. तिसऱ्यांदा. जाळीला कपाळ टेकवून म्हणाला, "भाऊ, दोंडाईचानी गाडी कव्हय शे?" मी खिदळले. म्हटलं, "बाबा, तिसऱ्यांदा सांगायचं का तुम्हाला?" रांगेतली दोन माणसंही हसली. म्हातारा ओशाळून बाजूला झाला. तुम्ही केबिनचं दार उघडून बाहेर गेलात, त्याला हाताला धरून बाकावर आणलंत. "बाबा, आठेच बसा. अर्धा घंटामा लागी. मी आवाज दिसू." गाडी लागली की हाक मारीन म्हणालात, आणि आत येऊन मला विचारलंत, "गाडी कुणाची चुकणार आहे? तुझी का त्याची?" मी म्हटलं, "त्याची." "ज्याची चुकणार तो दहा वेळा विचारेल. त्याला हसायचं नाही." मला त्याच्या शेजारी बाकावर बसवलंत. गाडी लागल्यावर मीच त्याला चढवून दिलं. खिडकीतून त्यानं मला मूठभर शेंगा दिल्या. त्या मी न खाता दप्तरात ठेवल्या.

हे तुमचं बरोबर होतं. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं जे म्हणणार आहे ते रागानं म्हणते आहे असं वाटायला नको.

तुम्ही मला दिलेली एकच वस्तू म्हणजे तो मोठा नकाशासंग्रह. कुणीतरी साक्रीच्या गाडीत विसरलेला. दुसऱ्या कुणी तो त्याच दिवशी घरी नेला असता. तुम्ही तो वर्षभर कपाटात ठेवलात, वर चिठ्ठी लावून, मालक येईल म्हणून. मालक आला नाही तेव्हा वरिष्ठांना विचारून माझ्यासाठी आणलात. त्या नकाशांवर मी वाढले. शाळेची स्पर्धा, तालुक्याची, जिल्ह्याची, मग कॉलेज, मग जळगावच्या बँकेतली नोकरी, आणि नोकरीत असतानाच ती टीव्हीवरची प्रश्नमंजुषा. नऊ भाग मी हरले नाही, खुर्चीवरून उठले नाही. शेवटच्या भागात मला विचारलं, माणसाच्या शरीरातलं सगळ्यात लहान हाड कुठं असतं. मी म्हटलं, कानात. वरून सोनेरी कागद पडायला लागले. आई घरी रडत होती. तुम्ही स्टँडवर होतात. कँटीनच्या टीव्हीपुढं सगळे ड्रायव्हर-कंडक्टर जमले होते, तुम्हाला मुद्दाम बोलावून नेलं होतं. तुमचे सोबतीच मला सांगत होते, प्रश्न आला आणि तेवढ्यात कुणीतरी खिडकी वाजवली म्हणून तुम्ही गेलात. ते टाळ्या वाजवत होते आणि तुम्ही कुणाला तरी चोपड्याची गाडी सांगत होतात.

मी सत्काराचे हार घेऊन घरी आले. तुम्ही म्हणालात, "जेवून घे." प्रश्न कोणता होता, ते तुम्ही मला कधीच विचारलं नाहीत.

दोन वर्षांनी त्याच वाहिनीनं मला बोलावलं. आता खुर्चीच्या या बाजूला बसा म्हणाले, तुम्हीच कार्यक्रम चालवा. मी बँकेचा राजीनामा लिहिला आणि धुळ्याला सांगायला आले. आई भरताची वांगी भाजत होती, घरभर धूर. मी बोलत होते, फार बोलत होते, कसा सेट असेल, कशी मुंबईला राहायची सोय करतील. तुम्ही दारात उभे. तुम्ही चिडलात की अहिराणीवर यायचात, म्हणून पहिल्या शब्दालाच मला कळलं.

"तुले उत्तर ठाऊक शे ना? मंग कसाले इचारस?"

आई म्हणाली, "अहो, खेळ आहे तो."

"खेळच. ज्याला नड आहे तो विचारतो. उत्तर हातात धरून समोरच्याला विचारायचं म्हणजे त्याची परीक्षा बघायची आणि लोकांना हसवायचं. तीस वर्षं मी खिडकीत बसलो, असं कुणाला केलं नाही."

एवढंच. त्यानंतर चार वर्षं तुम्ही माझ्या कामाबद्दल एक शब्द काढला नाहीत. दिवाळीला मी यायची, तुम्ही तब्येत सांगायचात, पाऊसपाणी सांगायचात. मग तुम्ही गेलात. मी आईला विचारलं होतं, नाना कधी बघायचे का गं माझा कार्यक्रम? मला वाटलं ती सांगेल, चोरून बघायचे. आई खोटं बोलत नाही. म्हणाली, "नाही. तू दिसलीस की उठून जायचे."

तर ऐका. ज्याला माहीत आहे त्यानं विचारू नये, असं म्हणालात. शाळेतला मास्तर मग काय करतो? आणि लोकांना हसवायचं म्हणालात, तर पहिल्या वर्षी मला तेच करायला सांगितलं होतं, हे खरं आहे. कानात एक यंत्र असतं, त्यातून आत बसलेला निर्माता बोलत असतो. सावद्याच्या एक बाई आल्या होत्या, केळीच्या वखारीत माल मोजून घेणाऱ्या, दहावीनंतर घरी बसून पेपर वाचून वाचून इथवर पोचलेल्या. तिसऱ्या प्रश्नाला अडल्या. कानात निर्माता सांगतो आहे, "टोमणा मारा मॅडम, केळी गिळली का विचारा, पब्लिक हसेल." मी यंत्र काढून टेबलावर ठेवलं, कॅमेऱ्यासमोर. बाईंना म्हटलं, "ताई, पाणी प्या. मला घाई नाही." त्या पाणी प्यायल्या, पदरानं तोंड पुसलं आणि बरोबर उत्तर दिलं. पुढचा चुकल्या, घरी गेल्या, पण जाताना ताठ गेल्या. दुसऱ्या दिवशी मला कळवण्यात आलं की पुढच्या पर्वाला दुसरा चेहरा घेतो आहोत. दीड वर्ष मी घरी होते. बँकेत परत जायचं दार बंद होतं. तुम्ही तेव्हा होतात, नाना. मी टीव्हीवर दिसत नाही, हे तुमच्याही ध्यानात आलं असेल. तेव्हाही विचारलं नाहीत, काय झालं म्हणून.

दीड वर्षानं त्यांनीच बोलावलं, दुसऱ्या चेहऱ्याला लोक बघेनात. मी अट घातली, कानात काही घालणार नाही. मान्य केली. आता तुम्ही म्हणाल, हे खिडकीतलंच शिक्षण. थोडं असेल. पण यंत्र मी काढलं, नोकरी माझी गेली, दीड वर्ष मी काढलं. ते माझं आहे. तुम्हाला त्यातला वाटा देणार नाही.

आणि खरं सांगायचं तर तुमची तक्रार उलटी आहे. लोकांनी तुम्हाला विचारलं, तुम्ही सांगितलंत, तीस वर्षं. तुम्ही स्वतः कुणाला काय विचारलंत? आईला विचारलंत, तिला काय हवं? मला विचारलंत, त्या खुर्चीवर बसल्यावर कसं वाटतं? मी रोज माणसांना नाव विचारते, गाव विचारते, घरी कोण बघत असेल विचारते. कार्यक्रमातले प्रश्न दहा मिनिटांत संपतात, बाकी वेळ मी हेच करते. मागच्या महिन्यात जळगावात चित्रीकरण होतं. एक रिक्षावाले म्हणाले, "मॅडम, आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं, तुम्हाला काय आवडतं म्हणून." सभागृहात मागं कुणीतरी हुंदका दिला. असं विचारायला नड लागत नाही, नाना. समोरच्याचं ऐकायची हौस लागते. ती तुमच्यात नव्हती, किंवा होती आणि खिडकीतच संपून जायची. मला याचा राग अजून आहे आणि मी तो सोडणार नाही.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, फोटोपुढंही ठेवणार नाही. आईच्या हाती लागलं तर ती वाचेल आणि कुणाला सांगणार नाही. म्हणून एक गोष्ट इथंच लिहून ठेवते. चित्रीकरणाआधी मला सगळे प्रश्न उत्तरांसकट छापून मिळतात. त्यातल्या एका प्रश्नाच्या उत्तरावर मी न वाचताच पांढरी पट्टी चिकटवून घेते. दर भागात एक. त्याचं उत्तर मलाही पडद्यावरच कळतं, सगळ्यांबरोबर. आमचा साउंडवाला म्हणतो, एका प्रश्नाला तुमचा आवाज वेगळाच लागतो, मॅडम, का ते कळत नाही. मी त्याला कारण सांगितलेलं नाही.