दोरीवरचं झबलं

आई, ते गाव पाडलं. गेल्या महिन्यात गाडीच्या खिडकीतून पाहिलं, तर पत्र्याचं कुंपण, आत क्रेन, आणि ज्या गल्लीतून तू साडीवर पांढरे स्पोर्ट्स शूज घालून ऐटीत मिरवली होतीस तिथे नुसता राडारोडा. तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय: आता तू कुठे राहत असशील? इतकी वर्षं मला निदान ठाऊक तरी होतं. निदान मी तसं धरून चालले होते.

आपल्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, औषध कंपनीचं एक कॅलेंडर होतं. वर्ष उलटून गेलं तरी तू ते काढलं नाहीस. भूमध्य समुद्राकाठचं कुठलंसं गाव होतं त्यावर. पिवळी घरं, निळं पाणी, वरच्या मजल्यावर एक हिरवी खिडकी आणि खिडकीखाली दोरीवर कपडे. फोडणीचे शिंतोडे उडून उडून तो समुद्र तेलकट झाला होता. पोळ्या लाटता लाटता तू त्या घरातल्या बाईबद्दल बोलायचीस, जणू आपली शेजारीणच. "बघ, आजही कपडे तसेच. कधी आत घेणार ही बया? तान्ह्याचं झबलं आहे त्यात." तिन्हीसांजेनंतर कपडे बाहेर ठेवायचे नाहीत, तान्ह्याचे तर मुळीच नाहीत, हा तुझा कायदा. ठेवले तर कुणीतरी त्यांचा माग काढत घरात येतं म्हणे. मी विचारायचे, "कोण येतं?" तू म्हणायचीस, "पोळीकडे लक्ष दे, करपतेय."

तू टोकियोला आलीस तेव्हा आमच्या निशी-कसाई भागात आपली माणसं नुकती जमायला लागली होती. डाळ-मसाल्याचं दुकान शोधत जावं लागायचं, आणि दुसरं मराठी कुटुंब भेटलं की गणपती आल्यासारखं वाटायचं. तुझ्या जावयाचं ऑफिस तोयोसुला, प्रोजेक्ट सतत "लाइव्ह" जाणार असायचं, त्यामुळे तुला फिरवायचं काम माझ्याकडे. युरोपची सहल आपल्याला कुठली झेपायला! पण खाडीत भराव टाकून केलेल्या जमिनीवर जपान्यांनी भूमध्य समुद्राकाठचं एक खोटं गाव उभारलं होतं, दुकानं, होड्या, कारंजी, सगळ्यासकट. मी तुला न सांगता तिथे नेलं. कमानीतून आत शिरताच तू थबकलीस. मला वाटलं, आता नावं ठेवणार. तू म्हणालीस, "अगं, हे तर आपलंच गाव."

काय हिंडलीस त्या दिवशी! होडीत बसलीस आणि होडीवाल्याला नमस्कार केलास. "अंडं नाही ना ह्यात?" असं मला तीनतीनदा विचारायला लावून लिंबाचं आइसक्रीम खाल्लंस. अकॉर्डियन वाजवणाऱ्यापुढे मान डोलावलीस. मला एवढंच खटकत होतं, की वाट तू दाखवत होतीस. नकाशा माझ्या हातात आणि वळणं तुला पाठ. एका बोळात ती हिरवी खिडकी होती. खाली दोरी, दोरीवर कपडे, सगळे शोभेचे. तेवढ्यात दिवे लागले, आकाश जांभळं झालं, आणि मी पाकिटात सुटे शोधेपर्यंत तू हात उंचावून दोरीवरचे कपडे ओढायला लागलीस.

मी ओशाळून गेले. तिथली गणवेशातली मुलगी धावत आली, माफी मागायची ती आपण, पण वाकून वाकून तीच मागत होती. कपडे तारेने शिवलेले होते, एकही निघत नव्हता. पण तुझ्या हातात एक झबलं होतं. त्या मुलीने ते उलटसुलट करून पाहिलं, आणि दोन्ही हातांनी तुला परत दिलं. "हे आमचं नाही," ती म्हणाली. मी हात लावला तर ते ओलं होतं. त्या आठवड्यात पावसाचा थेंब नव्हता. "आई, कुणाचं आणलंस हे?" तू अगदी सहज म्हणालीस, "वरच्या बाईने दिलं. म्हणाली, घेऊन जा, तुमच्याकडे लागेल." मला दिवस गेले होते, आई. नवऱ्याशिवाय कुणालाच ते माहीत नव्हतं. तुलाही नाही.

तू पुण्याला परत गेलीस आणि माझ्या आठव्या महिन्यात कायमचीच गेलीस. डॉक्टरांनी मला विमानात बसू दिलं नाही. दादाने फोन तुझ्या कानाला लावून ठेवला होता, मी इथे गॅलरीत बसून नुसते आवाज ऐकले. रडूही धड आलं नाही. ते नंतर आलं, बाळाला झबलं घातलं तेव्हा. मापाला बरोबर बसलं.

लेक पाच वर्षांची असताना तिला त्या गावी नेलं. ती इथलीच झालेली. मी मराठीत विचारायचं आणि तिने जपानीत उत्तर द्यायचं, हा आमचा रिवाज. तुझी गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. त्या बोळात ती माझा हात सोडून उभी राहिली, वर बघत. दिवे लागले. आणि तिने स्वच्छ मराठीत सांगितलं, "तिन्हीसांजा झाल्या. कपडे आत घे." आई, 'तिन्हीसांजा' हा शब्द मी कित्येक वर्षांत उच्चारला नव्हता. कोण म्हणालं असं विचारलं, तर उत्तर पुन्हा जपानीत: वरची आजी. मी मान वर केली. खिडकी मिटलेली होती. पण दोरीवरचे सगळे कपडे उलटे करून वाळत घातले होते, रंग उडू नये म्हणून तू घालायचीस तसे. मी धावत मागच्या बाजूला गेले. प्लायवूड, लोखंडी टेकू, आग विझवायचं नळकांडं. जिना नव्हताच.

मग मी जात राहिले. लेकीला नाही नेलं, एकटीच. लिंबाचं आइसक्रीम घ्यायचं, खिडकीखाली बसायचं, भाजी काय महागली ते सांगायचं. तू कधी बोलली नाहीस. तरी आपलं माणूस जवळ आहे असं वाटायचं, आणि अंगावर काटाही यायचा, दोन्ही एकदम. आता लेक ओसाकाला शिकते, आणि ती भिंतही गेली. तू तिथे खरंच असशील तर आज उघड्यावर आहेस, परक्या देशात, भाषा येत नाही, वाट विचारणार कुणाला? मला झोप लागत नाही ती ह्या विचाराने.

हे पत्र टाकायचं तरी कुठे? त्या गावातली टपालपेटीसुद्धा खोटी होती, फट नुसती रंगवलेली. म्हणून दुसरी युक्ती केलीय. कपाटातून ते झबलं काढलं, धुतलं, उलटं करून गॅलरीतल्या दांडीवर घातलं. तिन्हीसांजा झाल्यात. समोरच्या इमारतीत एकेक दिवा लागतोय, खालच्या बाईने तिचे कपडे मघाशीच काढले. मी ते काढायला उठत नाहीये. तूच सांगायचीस ना, माग काढत कुणीतरी येतं म्हणून? तर ये. रागवायला तरी ये.

पण खरं सांगू? गॅलरीच्या दाराचा पडदा मी आत्ताच ओढून घेतलाय.