तेवीस खिळे आणि एक निळं स्टूल

॥ श्री ॥
कात्रज, १४ जुलै २०२४

ती. पद्माताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सलग अकरावा दिवस, मी उभ्यानं अंघोळ करतो आहे. बावन्न वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांतून आवाज येणाऱ्या गृहस्थावर अशी वेळ यावी याची कुठंतरी नोंद व्हायला हवी, म्हणून हे पत्र. फोन करत नाही, कारण चौथ्या मिनिटाला आपलं भांडण होतं आणि पाचव्याला तू ठेवून देतेस. पत्र निदान शेवटपर्यंत वाचतेस.

माझं अंघोळीचं निळं स्टूल कोथरूडच्या घरी राहिलं. आणायला गेलो, तर घरमालक दिगंबर साठ्ये म्हणाले की हिशेब मिटेपर्यंत वरच्या घरातली वस्तू खाली उतरणार नाही. हिशेब म्हणजे आमचं साठ हजारांचं डिपॉझिट. सहा वर्षं एक तारखेला सकाळी दहाच्या आत भाडं दिलं. आता घर सोडलं तर साठ्ये भिंतीतले खिळे मोजतात. तेवीस निघाले. खिळा म्हणजे भोक, भोक म्हणजे लांबी भरणं, लांबी भरणं म्हणजे अख्ख्या घराला रंग. रंगाचा अंदाज किती, तर नेमका साठ हजार. मग निदान खिळे तरी मला मिळतील का, असं मी विचारलं. ते खरंच विचारात पडले. नम्रताचं म्हणणं, मी तिथं जाऊच नये. मी विनोद करतो आणि साठ्ये तोही नुकसानीत धरतात.

या नव्या घराच्या डिपॉझिटसाठी तू दिलेले चाळीस हजार महिनाअखेर परत करणार होतो. ते आता लांबेल. तुला घाई नाही ना?

आणि तुझं मागचं पत्र म्हणजे काय प्रकार आहे? अख्ख्या पानावर सहा ओळी! दुकानांच्या पाट्या रंगवायला घेतल्यास की काय?

लोभ आहेच, तो साठ्यांसारखा अडकवून ठेवू नकोस.

तुझा धाकटा,
अवधूत

॥ श्री ॥
मिरज, २० जुलै २०२४

चि. अवधूतास अनेक उत्तम आशीर्वाद.

हे सुबक अक्षर माझं नाही. शेजारची अस्मिता लिहिते आहे, मी सांगते आहे. तुझ्या अंघोळीचा मजकूर तिनं दोनदा वाचला, हसू आवरेना म्हणून.

पाट्या नाहीत रे, मोतीबिंदू आहे. परवा चहात साखर म्हणून रवा घातला आणि वर पाहुण्यांना विचारलं, गोड कमी नाही ना झाला. ते बिचारे नाही म्हणाले. डॉक्टरांनी उजव्या डोळ्याला बारा ऑगस्ट दिली होती, मी दिवाळीनंतर बघू म्हटलं. उगाच. पावसापाण्याचं कशाला.

*(काका, पाऊस वगैरे काही नाही. काकूंनी ऑपरेशनचेच पैसे तुम्हाला दिलेत. — अस्मिता)*

ही आत्ता मध्येच काहीतरी जास्तीचं लिहिते आहे, पण मला दिसत नाही, त्यामुळं बोलता येत नाही.

तुला हक्काचं मागता कधी आलंच नाही. वाण्याकडून राहिलेले सुटे आणायला मला पाठवायचास आणि स्वतः कोपऱ्यावर उभा राहायचास. आता मी येऊ शकत नाही, तूच जा. साठ्ये प्रत्येक गोष्टीचा कागद करतात असं तूच लिहायचास ना? मग सहा वर्षांतला एखादा कागद शोध की.

नम्रताला आशीर्वाद. माया आहे, ती हप्त्यानं येत नाही.

पद्माताई

॥ श्री ॥
कात्रज, २८ जुलै २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. आणि विनंती एकच: बारा ऑगस्ट आजच पक्की कर. कारण विचारू नकोस. अस्मिताला माझा विशेष आशीर्वाद. त्याचंही कारण विचारू नकोस.

कागद सापडले! साठ्यांची नोकरी सरकारी भांडारात झालेली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते वही घेऊन वर यायचे, नळ-खिडक्या-भिंती तपासायचे आणि कार्बन घालून अहवाल लिहायचे. वरची जाड प्रत सही घेऊन मला, कार्बनची त्यांना. ते गेले की नम्रता माझी प्रत स्वयंपाकघरातल्या डब्यांखाली अंथरायची. कागद सरकारी, तेल छान शोषतो. घर बदललं तेव्हा तिनं डब्यांबरोबर तेही आणले आणि इथल्या फळ्यांवर पुन्हा अंथरले.

काल डबे उतरवून आम्ही सहा वर्षं वाचून काढली. तूरडाळीखाली ऑगस्ट २०१८: "भिंतीत खिळे एकोणीस, मालकाचे. चहा घेतला." हळदीखाली मे २०२१: "नवे खिळे चार, मालकाच्या संमतीने. चहा घेतला." झाले तेवीस! बाकी जवळपास सगळीकडे "घर ठीक. चहा घेतला." एकही महिना चहा चुकलेला नाही.

येत्या रविवारी, त्यांच्या पाहणीच्याच दिवशी जातो. विनोद करणार नाही, नम्रताला शब्द दिला आहे.

लोभ वाढवावा, चष्म्याचा नंबर नाही.

अवधूत

॥ श्री ॥
कात्रज, ७ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. अस्मितानं मोठ्यानं वाचावं.

चाळीस हजार आज सकाळी तुझ्या खात्यात भरले. अकरा तारखेला मी मिरजेत पोहोचतो. तुला दवाखान्यात नेणार, आणि डोळ्यावरची पट्टी निघेपर्यंत चहा मी करणार.

रविवारी नम्रताबरोबर गेलो. खाली साठ्यांच्या दाराला कुलूप. वर गेलो, तर रिकाम्या खोलीत आमच्या निळ्या स्टुलावर बसून साठ्ये वहीत लिहीत होते. मी हळदीचा आणि डाळीचा कागद पुढं केला. त्यांनी दोनदा वाचले, एकदा हुंगले, आणि म्हणाले, "अक्षर माझं आहे, म्हणजे खरंच असणार." दुसऱ्या कुणाचं असतं तर ते वर्षभर भांडले असते. खाली येऊन मुकाट्यानं चेक लिहिला. स्टूल परत दिलं, त्याची पावती घेतली.

निघताना त्यांची वही उघडीच होती. त्या दिवसाची नोंद: "घर रिकामे. चहा नाही." त्यांना ऐकवायचं म्हणून मी बसमध्ये बरंच काही जुळवून आणलं होतं. ते तसंच राहिलं. मग त्यांनी स्वतः चहा केला. भलताच पातळ. मी दोन कप घेतले.

अस्मिता, एवढं मात्र मोठ्यानं वाचू नकोस, ताई म्हणेल हा पुन्हा कोपऱ्यावरच उभा राहिला. जिऱ्याच्या डब्याखाली जानेवारी २०२० चा कागद होता: "जिन्यातला दिवा बदलला. भाडेकरूचा निम्मा वाटा पंचेचाळीस रुपये येणे." मी तो कधीच दिला नव्हता. साठ्ये रविवारी त्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. निघताना मोजून पंचेचाळीस रुपये पाकिटात घातले, वर "जिन्यातला दिवा" लिहिलं आणि त्यांच्या पत्रपेटीत टाकलं. फाटकाशी स्टूल धरून उभ्या असलेल्या नम्रताला वाटलं, मी चपलेचा पट्टा लावत होतो.

लोभ असू द्यावा. पावती नको.

अवधूत